अथायच्या सासऱ्यांना पत्र

पीटर वेल्श हा पेशाने सुतार. आईवडील आयरिश, जन्म कॅनडाकडच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचा; बायको मार्गारेट मात्र थेट आयर्लंडची, किल्डेअर परगण्यातल्या अथाय गावची. १८६२ साली घरातला तंटा मिटवायला तो न्यूयॉर्कहून बॉस्टनकडे गेला, तिथे दारूपायी जवळचे सगळे पैसे उडवून बसला आणि बायकोला तोंड कसं दाखवायचं, या शरमेपोटी अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. पलटण २८वी मॅसॅच्युसेट्स, पुढे सेनानी थॉमस फ्रान्सिस मार याच्या आयरिश ब्रिगेडमध्ये सामील झालेली.

जून १८६३ मध्ये त्याने अथायला सासऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात शरमेची गोष्ट नाही. आयर्लंडमधून हुसकावलेल्या गरिबांना अमेरिकेने आसरा दिला, ती फुटली तर जगभरच्या पिचलेल्यांची आशाच मावळेल, असा युक्तिवाद त्यात आहे. जावई परक्याच्या युद्धात का मरायला निघाला, याचा जाब सासरेबुवांना हवा होता आणि तो द्यायला भरतीचं खरं कारण उपयोगाचं नव्हतं. पण म्हणून या युक्तिवादाला मी ढोंग म्हणणार नाही. शरमेने गेलेला माणूस तोवर तत्त्वासाठी लढू लागला होता. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या चढावर ब्रिगेडची सुमारे १२०० माणसं गेली आणि त्यांतली ५४५ पडली किंवा घायाळ झाली; त्यानंतरच्या मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणादिवशी, पलटणीचं हिरवं निशाण वेल्शने आपणहून हाती घेतलं. शत्रूची पहिली गोळी निशाणवाल्यासाठीच असते, हे ठाऊक असताना.

अथायमध्ये ते पत्र कोणत्या काळात पोचलं, हेही पाहायला हवं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडत गेला आणि सुमारे दहा लाख माणसं भुकेने अन् साथींनी गेली. मृत्यू आणि देशांतर मिळून १८४१ ची ८२ लाख लोकसंख्या दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. अमेरिकेहून आलेलं पत्र शेजारपाजार जमवून मोठ्याने वाचलं जाई. पुष्कळदा त्यातूनच पुढच्या भावंडाच्या जहाजभाड्याचे पैसे येत.

बायकोला लिहिताना वेल्श वेगळाच भेटतो. पगार महिनोन्‌महिने येत नाही, याची तिथे तगमग आहे. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्क पेटलं. ३०० डॉलर भरून श्रीमंताला सुटता येत होतं, हा राग खराच. पण जमावाने तो काढला कृष्णवर्णीयांवर, त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रमही जाळला. दंगेखोरांत आयरिश फार होते. वेल्शने तोफा डागून त्यांना ताळ्यावर आणावं असं लिहिलं. गुलामांबद्दल त्याला कळवळा होता असं मात्र नव्हे. राष्ट्राच्या आड गुलामगिरी येत असेल तर ती नष्ट करा, एवढंच त्याचं म्हणणं. त्याची ही बाजू झाकून त्याला नायक करू नये.

मे १८६४ मध्ये स्पॉट्सिल्व्हेनियाच्या लढाईत वेल्शच्या डाव्या हाताला गोळी लागली. जखम किरकोळ आहे, आता या मोहिमेत लढावं लागणार नाही, असं त्याने मार्गारेटला हलक्या मनाने कळवलं. २८ मे रोजी वॉशिंग्टनच्या इस्पितळात जखम चिघळून तो गेला.

सासऱ्यांच्या पत्रात आणखी एक आशा होती: इथे लढाई शिकलेले आयरिश उद्या आयर्लंडच्या कामी येतील. जून १८६६ मध्ये या युद्धातले शेकडो जुने शिपाई फेनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे, म्हणून नायगारा नदी ओलांडून ब्रिटिशांच्या कॅनडात घुसले. रिजवेला लढाई जिंकली, पण कुमक आली नाही आणि दोन-तीन दिवसांत ते परतले.