आजीच्या पिशवीतल्या बाटल्या

वडोदऱ्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरी कोणी आलं की आजी हमखास सांगते, "आमची नात कचऱ्यात पीएचडी करते." पाहुणे हसतात, मीही हसते. खोटं काहीच नाही. प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्याच जास्त असतात.

या बाटल्या पीईटी प्लॅस्टिकच्या. नेहमीच्या रिसायकलिंगमध्ये त्या धुऊन, तुकडे करून वितळवतात. त्यात प्लॅस्टिक दर वेळी थोडं कमजोर होतं आणि रंग आतच राहतो. मी त्या वितळवत नाही, त्यांचे रेणू तोडते. एथिलीन ग्लायकॉल आणि चिमूटभर झिंक अ‍ॅसिटेट घालून १९० अंशांच्या आसपास तापवलं की लांबलचक साखळ्या तुटून बीएचईटी नावाचा लहान रेणू मिळतो. तो गरम पाण्यात विरघळतो, अर्धवट तुटलेल्या साखळ्या बहुतेक विरघळत नाहीत. गरम असतानाच गाळायचं आणि निवू द्यायचं. मग पांढऱ्या सुया दिसू लागतात. त्यांच्यापासून पुन्हा नवं पीईटी करता येतं.

हे झालं पुस्तकातलं. माझ्या हाती चार महिने पिवळट लगदाच आला. गाईडसरांची मीटिंग जवळ आली की मी भांडं सरळ बर्फात ठेवायचे. स्फटिक भराभर पडायचे, वजन छान भरायचं, पण शुद्धतेचा रिपोर्ट आला की रडू यायचं. त्या दिवाळीत घरी आले ती बाबांना "सोडून देते" असं सांगायचं ठरवूनच.

आमच्या शोकेसमध्ये पुण्याच्या काकांनी दिलेला एक गुलाबीसर दगड आहे, वाघोलीच्या खाणीतला स्टिलबाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत नंतर खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि हे स्फटिक वाढले. फराळाची ताटं काढताना तो पुसायला हातात घेतला, तर आजी म्हणाली, "तुझी खडीसाखर आठवते का गं?" लहानपणी तिने पाकात दोरा सोडून दिला होता. मी येता-जाता ढवळायचे, त्यामुळे खडे न होता नुसती बारीक साखर झाली होती.

स्फटिक सावकाश वाढला तर आपल्यासारखाच रेणू जवळ करतो, परक्याला बाहेर ठेवतो. घाईत वाढला तर घाणही पोटात घेतो. हे मला बीएस्सीपासून पाठ होतं! तरीही बर्फ.

परत गेल्यावर द्रावण थोड्या कोळशाच्या पुडीतून गाळलं, शुद्ध बीएचईटीचा एक कण टाकला आणि भांडं गरम पाण्याच्या टबात ठेवून हीटर बंद केला. सकाळी लांब, पांढऱ्याशुभ्र सुया! वजन आधीपेक्षा कमी भरलं, सरांच्या कपाळावर आठीही आली. रिपोर्ट आल्यावर मात्र ते म्हणाले, "पुन्हा करून दाखव." तीनदा केलं, तिन्ही वेळा जमलं.

"म्हणजे सगळं प्लॅस्टिक संपणार का?" असं चुलतभावंडं विचारतात. नाही रे बाबांनो. वेफर्सच्या पाकिटात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर चिकटवलेले असतात, ते माझ्या भांड्यात चालत नाहीत. साधं बाटलीचं झाकणसुद्धा वेगळ्या प्लॅस्टिकचं असतं. शिवाय तापवायला वीज लागतेच.

झाकणाचं आजीने फारच मनावर घेतलंय. आता ती झाकणं काढून, बाटल्या धुऊन पिशवीत भरून ठेवते आणि मी निघाले की म्हणते, "ने गं, तुझ्या कामाच्या आहेत." मागच्या खेपेला चकलीच्या डब्याशेजारी सतरा बाटल्या घेऊन गाडीत चढले.