ट्रंकेतलं खरेदीखत

आमच्या अब्बांनी गावाकडं दोन एकर जमीन घेतली आणि रजिस्टर झालेलं खरेदीखत कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. ते गेल्यावर सातबारा काढला, तर त्यावर विकणाऱ्याचंच नाव! गृहस्थ सज्जन, म्हणून निभावलं. मनात पाप आलं असतं तर तीच जमीन त्यानं आणखी कुणाला दाखवली असती.

दस्त नोंदणी वेगळी, फेरफार वेगळा, हे अब्बांना कुणी सांगितलंच नव्हतं. १९०८च्या नोंदणी कायद्यानं शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराचं खरेदीखत सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडं दाखल करावं लागतं. तो दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, याचा निवाडा करत नाही. ते आपणच पाहायचं. त्यासाठी त्याच कचेरीत जुन्या व्यवहारांचा 'इंडेक्स टू' मिळतो.

सातबारावर नाव चढतं ते फेरफारानं. तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी) नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आता दस्ताची वर्दी संगणकावरून जाते खरी, पण नोंद मंजूर झाली का, हे उतारा काढूनच कळतं. आणि नुसता सातबाराही मालकीचा पुरावा नव्हे, खरेदीखत जपायचंच.

आमचा खरेदीचा फेरफार झाला, मग वारसांचा. तलाठ्यानं नावं विचारली, तेव्हा अम्मीनं आधी माझ्या बहिणींची सांगितली.