चेंडू सुटतो, हादरा उरतो

ऑगस्ट १९९९. शिकागोजवळच्या मेडिना गोल्फ मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपची शेवटची फेरी रंगात आलेली. सोळाव्या होलवर १९ वर्षांच्या सर्जिओ गार्सियाचा चेंडू एका मोठ्या ओकच्या बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात अडकला. एक फटका दंड घेऊन चेंडू बाजूला ठेवता आला असता. पण टायगर वुड्सला गाठण्याची आशा अजून जिवंत होती. गार्सियाने सहा नंबरचे आयर्न हा क्लब काढला आणि डोळे मिटून घेत पूर्ण ताकदीने मारले. चेंडू झाडाला वळसा घालून सुमारे १७० मीटरवरच्या ग्रीनवर गेला, आणि तो कुठे पडतो हे पाहायला गार्सिया उड्या मारत धावला. स्पर्धा तो एका फटक्याने हरला, तरी त्याचा हा फटका आजही पुन्हा पुन्हा दाखवला जातो.

मुळांमधून असा फटका साधतो कसा? क्लब आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात. तेवढ्यात क्लबचे डोके दीड-दोन सेंटीमीटर पुढे सरकते, आणि चेंडूचा वेग, दिशा, फिरकी सगळे ठरून जाते. हादरा दांड्यातून हातापर्यंत पोहोचण्याआधीच चेंडू सुटलेला असतो. म्हणजे मूळ चेंडूच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे असेल, तर क्लब त्यावर आदळतो तेव्हा चेंडू केव्हाच हवेत असतो. मूळ चेंडूच्या मागे असेल तर मात्र सगळेच बिघडते.

चेंडू सुटला, तरी क्लब आणि मनगट सुटलेले नसतात. आयर्नचे डोके साधारण पाव किलोचे. चेंडूला वेग देऊनही ते सेकंदाला तीसएक मीटर वेगाने पुढे जात असते. जमिनीत घट्ट रुतलेल्या मुळाने ते एका सेंटीमीटरात थांबवले, तर गणित सांगते की सरासरी बल एक टन वजनाहून जास्त भरते. चेंडूवर पडलेल्या बलाच्या हे जवळपास दुप्पट. शिवाय चेंडू पळून जातो, मूळ हलत नाही. २०११च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, अटलांटाजवळ, रोरी मॅकलरॉयने पहिल्याच फेरीत मुळाजवळचा चेंडू असाच मारला आणि मनगट दुखावून घेतले. दोनच महिन्यांपूर्वी त्याने यूएस ओपन जिंकली होती.

फटक्यानंतर दांडा बुंध्यावर आदळला, तर प्रकार वेगळा. पोलादी दांडा म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ नळी. चेंडू मारताना होणारा बाक तिला सहज पेलतो. पण मध्यावर आडवा घाव बसला की गोल नळी तिथे चपटी होते, चपटी झाली की तिचा ताठपणा जातो, आणि ती त्याच जागी मुडपते किंवा तुटते. २००७च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी, अकराव्या होलवर वुड्सचे चार नंबरचे आयर्न झाडावर आदळून असेच मोडले.

मला जास्त धास्ती वाटते ती ग्रॅफाइटच्या दांड्याची. पोलाद वाकले की डोळ्यांना दिसते. ग्रॅफाइटमध्ये राळेने चिकटवलेल्या कार्बन तंतूंचे थर असतात. घावाने ते आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग शाबूत राहू शकतो. मग एखाद्या साध्या फटक्याला दांडा तुटतो आणि डोके भिरकावले जाते. झाडावर आदळलेला असा दांडा पुन्हा वापरण्याआधी पिळून पाहावा, कडकड ऐकू आली किंवा बोटांना चीर लागली तर बदलावा.

नियमांनी अलीकडे खेळाडूला सवलत दिली आहे. २०१९ ते २०२२ या काळात फेरीत स्वतःच्या फटक्याने मोडलेला क्लब सहसा बदलता येत नसे. दुरुस्त करा किंवा तसाच वापरा. २०२३पासून तो बदलता येतो, फक्त रागाने आपटून मोडलेला नसावा. मनगटासाठी असा नियम करता येत नाही. म्हणून हौशी खेळाडूने मुळाशी चेंडू दिसला की आधी मूळ चेंडूच्या मागे आहे की पुढे, हे वाकून पाहावे, आणि ते वीतभर अंतरात असेल तर चेंडू ‘अनप्लेएबल’, म्हणजे खेळता न येण्याजोगा, जाहीर करून एक दंडाचा फटका घ्यावा. मग होलच्या जवळ न जाता, दोन क्लबांच्या लांबीत चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडता येतो.