सांभाळणारीचे नाव

असोद्याहून जळगावला येणारी सकाळची एस.टी. हेच आमच्या घराचे घड्याळ होते. गाडी आली की मावशी यायच्या आणि मावशी आल्या की आम्ही नवरा-बायको नोकरीला बाहेर पडायचो. १९९० च्या सुमाराची ही गोष्ट. मी बँकेत अधिकारी होतो. आम्ही काही शेठ-सावकार नव्हतो. पण फ्रिज आणि स्कूटर असलेले आमचे घर मावशींच्या लेखी श्रीमंतांचेच.

एकदा त्यांचे बचत खाते उघडायचे म्हणून मी अर्ज भरायला घेतला. पहिलाच रकाना नावाचा. पेन तिथेच अडले. दोन वर्षे आमची मुलगी जिच्या मांडीवर झोपली, तिचे नाव मला ठाऊक नव्हते! वारस म्हणून त्यांनी मुलाचे नाव सांगितले.

‘तुम्हाला मुलगा आहे?’

‘हाये ना, भाऊ. आपल्या ताईयेवढाच. सासू पाह्यते त्याले.’

पुढे मी कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्यात अशीच एक मूल सांभाळणारी बाई आली. वाचकांना ती आवडली. मला मात्र फार उशिरा लक्षात आले, की मी तिला निपुत्रिक केले होते. तिला मूल दिले असते, तर ते दिवसभर कुठे असते, हे मला लिहावे लागले असते!

हा दोष माझ्या एकट्याचा नसावा. सईबाई १६५९ साली गेल्या, तेव्हा शंभूराजे अवघे दोन वर्षांचे. त्यांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ आपल्याला ‘छावा’सारख्या कादंबरीत भेटतात, पण राजाच्या गोष्टीतल्या दूधआई म्हणूनच. रवींद्रनाथांच्या ‘खोकाबाबूर प्रत्यावर्तन’ या कथेत मालकाचे मूल नदीत हरवल्यावर रायचरण हा नोकर शेवटी स्वतःचा मुलगाच त्यांना देऊन टाकतो. मालक त्याच्या गावी पैसे पाठवतात, तर ते परत येतात. त्या नावाचे तिथे कुणी नाही! महाश्वेतादेवींच्या ‘स्तनदायिनी’तली जशोदा श्रीमंतांच्या घरची मुले पोसते आणि स्तनाच्या कर्करोगाने एकाकी मरते. या दोघांनी निदान हिशेब तरी मांडला.

असोदे हे बहिणाबाईंचे माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी जपली, आचार्य अत्र्यांनी ती ओळखली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. घरात लिहिणारे कुणी होते, म्हणून ते शब्द वाचले. त्याच गावच्या आमच्या मावशी माझ्या मुलीला रोज काहीतरी गुणगुणून झोपवायच्या. घरात लिहिणारा मी होतो. एक ओळही टिपून घेतली नाही.

२००८ साली महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. आता नोंदणी करायची तर निदान नाव तरी लिहावे लागते.

हल्ली मुलीकडे नातवाला सांभाळायला एक बाई येतात. मी फोनवर विचारले, ‘त्यांचे नाव काय?’ मुलीने चटकन सांगितले. बरे वाटले.

‘आणि त्यांचे मूल कुणाकडे असते गं?’

यावर मुलगी गप्प राहिली.