नाव गावच्या यादीत, तुम्ही पुण्यात: मोबाइलवरून मत देता येतं का?

निवडणूक जवळ आली की मला एक प्रश्न हमखास येतो: "यूपीआयने पैसे जातात, मग मोबाइलवरून मत का जात नाही?" विचारणारे बहुतेक जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेले असतात. नाव मात्र लातूर, बुलडाणा नाहीतर रत्नागिरीच्या यादीत. गाडीभाडं आणि दोन दिवस घालवायचे, की मत सोडून द्यायचं?

थेट उत्तर आधी देतो. लोकसभा आणि विधानसभेला मोबाइलवरून मत देता येत नाही. केंद्रावर न जाता मत द्यायची सोय आहे, पण ती ठरावीक लोकांनाच.

ही सोय कोणाला मिळते?

- सैनिक, केंद्रीय सशस्त्र दलांचे जवान, परदेशातल्या दूतावासांतले कर्मचारी: यांना मतपत्रिका ऑनलाइन येते. ओटीपी टाकून फाइल डाउनलोड करायची, प्रिंट काढायची, खूण करायची आणि पाकीट बंद करून पोस्टाने पाठवायचं. म्हणजे जाताना इंटरनेट, येताना पोस्ट. मोजणीच्या वेळी पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन होतो.
- ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार: फॉर्म १२डी भरला की मतदान पथक घरी येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांतच हा फॉर्म द्यावा लागतो. घरात आजी-आजोबा असतील तर ही तारीख तुम्हीच लक्षात ठेवा.
- परदेशातले भारतीय: फॉर्म ६ए भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं.

पुण्यात नोकरी करणारा लातूरचा मुलगा या यादीत कुठेच बसत नाही. मला खरी अडचण इथे दिसते.

मग यूपीआयसारखं का नाही?

यूपीआयमध्ये कोणी, कोणाला, किती पैसे दिले याची नोंद बँकेकडे राहते. चूक झाली तर ती शोधता येते. मतदानात उलटं हवं असतं: मत मोजलं गेलं पाहिजे, पण ते कोणाचं हे कुणालाच कळता कामा नये. शिवाय केंद्रावर तुम्ही पडद्यामागे एकटे असता. घरी मोबाइल हातात असताना शेजारी कोण उभं आहे, हे ॲपला कसं कळणार?

एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं. दबावावर त्यांनी उपाय काढला: कितीही वेळा मत बदला, शेवटचंच धरलं जाईल. पण तो तेरा-चौदा लाख लोकांचा देश आहे आणि तिथे प्रत्येकाकडे डिजिटल ओळखपत्र आहे.

आपल्याकडे काय प्रयत्न झाले?

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने रिमोट व्होटिंग मशीनची कल्पना मांडली. एकाच मशीनवर ७२ मतदारसंघांचं मतदान, तेही इंटरनेटशिवाय. म्हणजे पुण्यातल्या केंद्रावर जाऊन लातूरचं मत द्यायचं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पण 'स्थलांतरित' कोणाला म्हणायचं, परराज्यातल्या केंद्रांवर पक्षांचे प्रतिनिधी कसे बसणार, असे आक्षेप आले. गाडी तिथेच अडली. जून २०२५ मध्ये बिहारच्या राज्य निवडणूक आयोगाने काही नगरपालिका निवडणुकांत मोबाइल ॲपवरून मत द्यायची सोय केली. त्यात स्थलांतरितही होते.

माझं मत विचाराल तर रिमोट मशीनचा रस्ता जास्त पटतो. केंद्र राहतं, पडदा राहतो, फक्त प्रवास वाचतो. आक्षेप खरे आहेत, पण ते सोडवायचे आहेत, फाइल बंद करायला वापरायचे नाहीत.

आज तुम्ही काय करू शकता?

१. मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या अधिकृत ॲपवर आधी यादीत नाव तपासा. अडलं तर १९५० वर फोन करा.

२. मुक्काम कायमचा हलला असेल तर फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर घ्या. हॉस्टेलला राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घर किंवा हॉस्टेल यातलं एक निवडता येतं. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

३. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत बदल होत नाही. म्हणून हे काम आधीच उरका.

४. नाव गावीच ठेवायचं असेल तर मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा तुमचा हक्क आहे, कामाचं ठिकाण मतदारसंघाबाहेर असलं तरी. ऑफिसात आधी सांगून ठेवा.

फॉर्म ८ भरण्याआधी एक विचार करा. ग्रामपंचायतीलाही हीच विधानसभेची यादी वापरतात. नाव पुण्यात आणलं की गावच्या सरपंचासाठीचं मत गेलं. गावात शेत, आई-वडील आणि पाण्याचा प्रश्न असेल, तर हा निर्णय ॲपमधल्या एका बटणाइतका सोपा नाही.

तुमचं नाव सध्या कुठे आहे? कमेंटमध्ये सांगा.