क्षयरोगाचे निदान : तीन शास्त्रांचा संगम

दरवर्षी २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. १८८२ साली याच तारखेला डॉ. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत क्षयरोगाचा जिवाणू आपल्याला सापडल्याचे जाहीर केले. तोपर्यंत हा रोग आनुवंशिक आहे, दूषित हवेचा परिणाम आहे, असे नाना तर्क प्रचलित होते. कॉख यांना पुढे १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र रोगाचे कारण कळणे आणि समोर बसलेल्या रुग्णाला हाच रोग झाला आहे असे खात्रीने सांगता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीस एक दिवस पुरला असे म्हणता येईल. दुसरीस सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. तो का लागला आणि अखेर कोणकोणत्या शास्त्रांनी हातभार लावला, हे या लेखात समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला व साडेबारा लाख लोक त्याने दगावले. या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतातील होते. क्षयरोग बरा होतो, त्याची औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही माणसे मरतात, कारण पुष्कळदा योग्य निदान वेळेवर होत नाही. ज्याचे निदान झालेले नाही असा रुग्ण घरात, गाडीच्या डब्यात, कारखान्यात खोकत राहतो आणि हवेतून तो रोग इतरांच्या फुप्फुसांत पोहोचत राहतो.

प्रारंभी अडचण होती ती दिसण्याची. क्षयाचा जिवाणू दोन ते चार मायक्रॉन लांब, पण रुंदीला अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी असतो. जर्मनीतील येना येथील भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले होते की, भिंग कितीही उत्तम घडवले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा पडते. साधारण पाव मायक्रॉनहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. क्षयाचा जिवाणू या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. आबे यांनी तयार केलेली प्रकाश एकवटणारी भिंगे आणि तेलात बुडवून वापरायचे नवे भिंग कॉख यांच्या हाती नसते, तर तो त्यांना दिसलाच नसता. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राचा हा पहिला मोठा विजयसुद्धा भौतिकशास्त्राच्या खांद्यावर बसून मिळालेला आहे.

शिवाय हा जिवाणू पारदर्शक असतो व त्याच्या भोवती मेणासारखे आवरण असते. साधा रंग त्याला चढत नाही. आणि एकदा चढला की आम्लानेही उतरत नाही. याच हट्टीपणाचा उपयोग करून त्सील व नील्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगवण्याची पद्धत रूढ झाली. काचेवर रुग्णाचा बेडका पसरायचा, तांबडा रंग घालून तापवायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा रंग द्यायचा. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या बारीक काड्या दिसल्या की निदान झाले. ही पद्धत स्वस्त आहे आणि आजही वापरात आहे. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जिवाणू असतील तेव्हाच ते या पद्धतीने नजरेस पडतात. रोगाची सुरुवात असलेले, लहान मुले, एचआयव्हीबाधित अशा अनेकांच्या बेडक्यात इतके जिवाणू नसतात. त्यांचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

यावर उपाय म्हणजे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. परंतु इथे जिवाणूची दुसरी खोड आडवी येते. आपल्या आतड्यातील सामान्य जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. अंड्यापासून केलेल्या घट्ट पोषक माध्यमावर त्याचे ठिपके डोळ्यांना दिसू लागेपर्यंत तीन ते आठ आठवडे जातात. त्यानंतर कोणते औषध त्याच्यावर चालते हे पाहायचे, तर आणखी काही आठवडे. दरम्यान रुग्णाला काय द्यायचे? डॉक्टर नेहमीची औषधे सुरू करीत. जिवाणू त्या औषधांना दाद देणारा नसेल, तर हे सगळे महिने फुकट जात आणि रोग अधिक मुरत असे.

या टप्प्यावर विद्युत-अभियंते मदतीला आले. काही रसायने अशी असतात की त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश पडला असता ती दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या गुणधर्माला ‘फ्लुओरेसन्स’ असे नाव दिले. रुथेनियम या धातूचे एक संयुग असे आहे की, भोवती प्राणवायू असेपर्यंत त्याची चमक दबलेली राहते आणि प्राणवायू संपू लागला की ते चमकू लागते. हे संयुग परीक्षानळीच्या तळाशी बसवले आणि वर पातळ पोषक द्रव व रुग्णाचा नमुना ठेवला. जिवाणू जिवंत असतील तर ते वाढतात, श्वसन करतात, प्राणवायू संपवतात आणि नळीचा तळ उजळतो. ही उजळणी पाहायला माणूस बसवायला नको. यंत्रातील प्रकाशसंवेदक दर तासाला प्रत्येक नळी तपासतो व चमक वाढताच सूचना देतो. डोळ्यांना ठिपका दिसेपर्यंत थांबण्याऐवजी जिवाणूचा श्वासच मोजायचा, ही कल्पना आम्हांला विलक्षण वाटते. यामुळे अनेक नमुन्यांचे उत्तर एक ते तीन आठवड्यांत मिळू लागले, मात्र नमुना निर्दोष आहे असे म्हणण्यासाठी आजही सहा आठवडे वाट पाहावी लागते.

क्ष-किरणांची कथा सर्वांना परिचित आहे. रोंटगेन यांनी १८९५ साली ते शोधले आणि छातीचा एक्स-रे क्षयाच्या तपासणीत कायमचा येऊन बसला. आता हातात धरता येण्याजोगी एक्स-रे यंत्रे आली आहेत. फिल्मऐवजी अर्धवाहकांचा पडदा चित्र टिपतो व संगणक संशयित डाग दाखवतो. तथापि, डाग कशाचा आहे याचे शेवटचे उत्तर एक्स-रे देऊ शकत नाही. त्यासाठी पुन्हा बेडक्याकडेच यावे लागते.

खरी क्रांती घडली ती जिवाणूऐवजी त्याचा डीएनए शोधण्यामुळे. १९८३ साली अमेरिकेतील कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती शोधली. मिश्रण सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवले की डीएनएचे दोन पदर सुटतात. थंड केले की हव्या त्या जागी छोटे तुकडे चिकटतात. पुन्हा थोडे तापवले की एन्झाइम नवा पदर विणतो. एकाचे दोन, दोनाचे चार, अशी तीस आवर्तने झाली की एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. अडचण एवढीच की इतक्या उष्णतेत सामान्य एन्झाइम टिकत नाही. टिकणारा एन्झाइम मिळाला तो अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातल्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, राहणाऱ्या एका जिवाणूकडून. थॉमस ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यासह १९६६ साली तो निव्वळ कुतूहलापोटी गोळा केला होता. याचा रोगनिदानाशी काही संबंध येईल असे तेव्हा कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. ‘असल्या संशोधनाचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

पुढचा प्रश्न होता, वाढलेला डीएनए ओळखायचा कसा? न्यूयॉर्क येथील संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांनी १९९६ साली यावर एक सुबक उत्तर दिले. केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला डीएनएचा छोटा तुकडा घ्यायचा. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा रेणू. आकडा मिटलेला असताना दोन्ही टोके जवळ असल्याने अंधार असतो. आकड्याला आपला जोडीदार डीएनए भेटला की तो उघडतो, टोके दूर जातात आणि प्रकाश दिसतो.

क्षयाच्या यंत्रात असे पाच आकडे पाच वेगळ्या रंगांचे वापरले गेले. रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक जिवाणूंमध्ये एकाच जनुकातील ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झालेला असतो. पाच आकडे मिळून हा पट्टा झाकतात. पाचही उजळले तर जिवाणू आहे आणि औषध चालेल. एखादा अंधारा राहिला किंवा फार उशिरा उजळला, तर त्या जागी अक्षर बदलले आहे. औषध चालणार नाही.

हे सारे काम हाताच्या पंजात मावणाऱ्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये होते. बेडक्यात द्रावण मिसळून पंधरा मिनिटे ठेवायचे व तो कार्ट्रिजमध्ये ओतायचा. पुढे माणसाचा हात लागत नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी जिवाणू फोडले जातात, तापक पट्ट्या व पंखा तापमान क्षणोक्षणी वरखाली करतात, प्रकाशसंवेदक रंग वाचतात आणि सुमारे दोन तासांत अहवाल येतो. याच जातीची यंत्रे अमेरिकेत टपालातून पसरणारे अँथ्रॅक्सचे जंतू पकडण्यासाठीही बसवली गेली होती. विषारी पत्र ओळखणारे तंत्र गरिबांच्या रोगाला उपयोगी पडावे, हा योगायोग चांगलाच म्हणायचा.

या यंत्राची मोठी परीक्षा लिमा, बाकू, केपटाउन, डर्बन आणि आपली मुंबई या पाच शहरांत झाली व निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसलेल्या ५६१ रुग्णांपैकी ५५१ यंत्राने ओळखले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सूक्ष्मदर्शकाने ‘निगेटिव्ह’ ठरवलेल्या, पण प्रत्यक्षात क्षय असलेल्या १७१ जणांपैकी १२४ जण एकाच चाचणीत सापडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने यंत्राची शिफारस केली. आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत ही चाचणी ‘सीबीनॅट’ या नावाने ओळखली जाते.

मुंबईला या चाचणीची किती निकड होती हे लवकरच दिसले. २०१२ च्या आरंभी शहरातील चार रुग्णांची बातमी जगभर गाजली. प्रयोगशाळेत तपासलेले कोणतेही औषध त्यांच्या जिवाणूंवर चालत नव्हते. अशा रुग्णांना आधी निरनिराळ्या डॉक्टरांकडून चुकीच्या मात्रेत व चुकीच्या जोडीने औषधे मिळाली होती, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी नोंदवले. जिवाणूला कोणते औषध मारते हे न कळता औषध देत राहणे म्हणजे जिवाणूलाच शिकवत राहणे होय.

सीबीनॅट यंत्राला स्थिर वीज व थंड खोली लागते. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागात या दोन्हींची शाश्वती नसते. इथे गोव्याचा उल्लेख केला पाहिजे. गोव्यातील मोलबायो या कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र बॅटरीवर चालते. त्याचे तंत्र बंगळुरू येथील बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झाले. एक छोटे यंत्र बेडक्यातून डीएनए वेगळा करते, दुसरे एका चिपवर त्याच्या प्रती काढून सुमारे तासाभरात उत्तर देते. जिवाणू आढळला तर दुसऱ्या चिपवर रिफॅम्पिसिनची परीक्षा होते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली.

या चाचण्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांना मेलेल्या जिवाणूचा डीएनएही दिसतो. म्हणून उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा सूक्ष्मदर्शक व नळीतली वाढ यांचाच आधार घ्यावा लागतो. आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाची माहिती वर वर्णन केलेली चाचणी देत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

आणि सर्वांत मोठा विलंब यंत्रात होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो आपल्या घरांत होतो. तीन-तीन महिने खोकल्याच्या बाटल्या आणल्या जातात, मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून नाव काढले जात नाही, सरकारी केंद्राच्या दारात कोणी पाहील म्हणून दुसऱ्या गावी जाऊन तपासले जाते. दोन तासांत उत्तर देणारे यंत्र, त्याच्यापर्यंत नमुना पोहोचलाच नाही तर काय करील?

नमुना कसा द्यावा हेही अनेकांना कोणी सांगत नाही. नुसती थुंकी नव्हे, बेडका हवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास, वजन घटत असल्यास, संध्याकाळी बारीक ताप येत असल्यास केंद्रातून डबी आणावी. शक्यतो सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. बंद खोलीत नव्हे, तर उघड्यावर, इतरांपासून दूर उभे राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून आलेला दाट बेडका डबीत घ्यावा. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी केंद्रात पोहोचवावी. सरकारी केंद्रात या तपासणीचे पैसे पडत नाहीत.