पाणी मागणारा येशू

सोलापूरच्या माणसाला पाण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळे खोदले. १८७१ साली एकरुखचा तलाव झाला, १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले. तरीही नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचे दिवस या शहराने वर्षानुवर्षे काढले. घागरींची रांग, टँकरमागची धावपळ, शेजारणीने उसनी दिलेली कळशी हे सारे आमच्या अंगवळणी पडलेले. म्हणूनच बायबलमधली एक गोष्ट इकडच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात आहे. भर दुपार. प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातील सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत. विहीर खोल आणि जवळ पोहरा नाही. तेवढ्यात एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन येते आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात त्या काळी व्यवहार नव्हता. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावे, ही तिच्या दृष्टीने न घडणारी गोष्ट होती.

या प्रसंगावर आपण जी प्रवचने ऐकतो, त्यांतील बहुतेक पुढच्या जिवंत पाण्याच्या संभाषणाकडे वळतात. ते योग्यच आहे. पण रोजच्या जगण्यासाठी मला पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. येशूने तिला आधी काही दिले नाही, तर तिच्याजवळ मागितले.

शुभवर्तमानात दुसरीकडे, मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, तहानलेल्याला गार पाण्याचा प्याला देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असेही वचन आहे. ते आम्हा सर्वांना आवडते, कारण देणे सोपे असते. देणाऱ्याचा हात नेहमी वर राहतो. पाणपोई घालता येते, तिच्यावर नावाची पाटी लावता येते. मागताना मात्र हात खाली येतो. ज्याला आपण कमी लेखतो, त्याच्या भांड्यातले पाणी तोंडाला लावावे लागते. आपल्याकडे अस्पृश्यतेची खरी भिंत इथेच होती. तहानलेल्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारे धर्मशील लोक गावोगाव होते, पण त्याच्या घरचे पाणी पिणारा मिळत नसे.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले असेल, त्यांना ही भिंत किती जाड होती हे ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. वियोगाच्या त्या काळात लक्ष्मीबाईंचे काही दिवस आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात गेले. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळेच राहिले. टिळकांनी बळजबरी केली नाही. अखेर जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःच स्वतःला विचारला. ती माणसाने केली, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. या बाईच्या बाबतीत पाणी आधी आले, धर्मांतर मागून आले. माझ्या मते त्या पुस्तकातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे.

पण ख्रिस्ती झाल्याने भिंत आपोआप पडते, असा समज कुणी करून घेऊ नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात भारतीय ख्रिस्ती लोकांपुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला आकर्षित केले, असे ते म्हणाले. आणि त्याच व्यासपीठावरून, दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी ख्रिस्ती समाज झगडलेला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सुनावले. पाहुण्याने यजमानांना ऐकवलेले हे बोल आमच्या समाजाने वर्षातून एकदा तरी आठवावेत. प्रभुभोजनाला शेजारी बसणारी कुटुंबे सोयरिकीची वेळ आली की हळूच मूळची जात विचारतात, तोवर त्या भाषणाला उत्तर दिले गेले, असे म्हणता येणार नाही.

मग रोजच्या जीवनात या गोष्टीचे काय करायचे? उत्तर स्वयंपाकघरात आहे. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. कुठे कान तुटलेला, कुठे रंगाने ओळखू येणारा. हा कप हिंदू घरात असतो, ख्रिस्ती घरातही असतो. “आम्ही चहा देतो की,” असे त्यावर सांगितले जाते. चहा दिला जातो हे खरेच आहे. पण त्या बाईंच्या घरी कधी गेलात का, आणि गेलात तर तिथले पाणी प्यायलात का, या प्रश्नाला पुष्कळ घरांत शांतताच असते.

शोमरोनी स्त्री शेवटी आपली घागर तिथेच टाकून गावात धावत गेली आणि तिने लोकांना बोलावून आणले. गावाने येशूला ठेवून घेतले आणि तो तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस राहणे म्हणजे त्यांच्या घरचे अन्नपाणी घेणेच. ज्यांच्याशी व्यवहार नव्हता, त्यांचा तो पाहुणा झाला. या सगळ्याचा आरंभ एका मागण्याने झाला होता.

उपवास, प्रार्थना, दानधर्म यांचे मोल मी कमी करीत नाही. पण या उन्हाळ्यात, सोलापूरच्या तापलेल्या दुपारी, ज्याच्या दारात आपण आजवर उभे राहिलो नाही, त्याच्या दारात जाऊन “बाई, जरा पाणी देता का?” एवढे विचारून पाहावे. आणि तांब्या पुढे आला की तो घ्यावा.